ओमिने पर्वत: नवरा वर जाणार, मी कुठे जाऊ?

रानवेडी

नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम ओसाका. नवऱ्याच्या ऑफिसातली काही टाळकी दरवर्षी मे महिन्यात नारा प्रांतातल्या सान्जोगाताकेवर जातात. उंची १७१९ मीटर, ओमिने पर्वतरांगेतलं सगळ्यात पवित्र शिखर, वर ओमिनेसान-जी नावाचं मंदिर. यंदा त्यालाही बोलावणं आलंय. मीही लगेच बूट काढले. तेव्हा तिकडून अगदी अदबीनं निरोप आला की "वहिनींना येता येणार नाही." डोंगरावर बायकांना बंदी आहे! आमच्या घरात डोंगरात जायचं वेड मला, त्याला दोन जिने चढले की गुडघा आठवतो. तर आता तो जाणार आणि मी गेटपाशी उभी राहून टाटा करणार.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या दिवशी त्याच भागात मला एकटीला करता येईल असा खणखणीत डोंगर कुठला? गाडी नाही, बस आणि रेल्वेच्या भरवशावर जायचंय. आणि दुसरं, त्यानं जावं का? तो म्हणतोय "तू म्हणशील तसं", म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात. कोणी गेलंय का तिकडे?

शेवटचा_डबा

चहा-खारी घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

नारा_निवासी

गेलोय, जातो, आणि दोरोगावाला तर वारंवार जातो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: इनामुरागाताके करा.

ओसाकाच्या आबेनोबाशीहून किन्तेत्सू रेल्वेनं शिमोइचिगुची स्टेशन, तिथून दोरोगावा ओन्सेनची बस. बसला सव्वा तासापेक्षा थोडं जास्त लागतं आणि दिवसाला मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. दोरोगावा हे तेनकावा गावातलं गरम पाण्याच्या झऱ्याचं ठिकाण, आठशे मीटरच्या वर. पूर्वीपासून डोंगरावर जाणाऱ्या यात्रेकरूंचा मुक्काम इथंच. गावच्या जुन्या धर्मशाळावजा सरायांना रस्त्याच्या बाजूनं लांबच लांब उघडी पडवी असते. तीस-चाळीस जणांचा जथा एकाच वेळी पडवीवर बसून जोडे सोडतो आणि आत जातो, दारात खोळंबा होत नाही.

गावातून पुढे डांबरी रस्त्यानं चालत गेलात की वाटेत गोरोगोरो-मिझू हा झरा लागतो. लोक कॅन भरभरून पाणी नेत असतात, तुम्हीही बाटली भरा. त्याच्या पुढे हाहाको-दो हे छोटं देऊळ. इनामुराची वाट तिथूनच फुटते. होरिकी खिंड, मग सौम्य आडवी वाट, वर निवासाची झोपडी, आणि शेवटी दाइनिचीयामाच्या कातळाला वळसा घालून माथा. चढायला साधारण तीन-साडेतीन तास. माथ्यावर लोखंडी मचाण आहे, त्यावरून समोर सान्जोगाताके अख्खा दिसतो.

सान्जोगाताकेची वाट मात्र तशीच पुढे सेइजो-ओहाशी या पुलापाशी जाते. पूल ओलांडला की ते प्रसिद्ध गेट. एका बाजूला दगडी खांबावर कोरलेलं, दुसऱ्या बाजूला इंग्रजी पाटी: धार्मिक परंपरेनुसार या दारापुढे कोणत्याही स्त्रीला जायला मनाई. अशी चार गेटं आहेत: हे पुलाजवळचं, उत्तरेच्या योशिनो गावाकडून येताना गोबानसेकीला, दक्षिणेला आमिदागामोरीला, आणि चौथं रेंगेत्सुजीला. हे चौथं लक्षात ठेवा, कारण इनामुराच्या झोपडीपासून एक वाट तिकडे जाते. वाट चुकून तिथं पोचलात तर गेट बघून परत फिरा. नाही फिरलात तर या धाग्याला वेगळंच वळण लागेल.

अजून एक: इनामुरागाताकेची उंची १७२६ मीटर. त्याला 'बायकांचं ओमिने' म्हणतात.

भुंगा२४

म्हणजे बायकांचा डोंगर सात मीटरनं उंच? आणि वरून पुरुषांकडे खाली बघायचं? खिक्क. रानवेडी ताई, डोळे झाकून इनामुरा.

सह्यवेल

नारा_निवासी, माहिती उत्तम, पण तुम्ही ज्या थंडपणे चार गेटांचा पत्ता दिलात त्याचंच मला नवल वाटलं. २००४ मध्ये युनेस्कोनं 'कीई पर्वतरांगेतली पवित्र स्थळं आणि यात्रामार्ग' जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात ओमिने आहे. वारसा सगळ्या जगाचा आणि निम्म्या जगाला गेटाबाहेर उभं करायचं, हे कसं काय?

आणि परंपरा-परंपरा करणाऱ्यांसाठी: जपानच्या सरकारनं १८७२ सालीच फर्मान काढून देवळांतली आणि पवित्र डोंगरांवरची स्त्रीबंदी रद्द केली. फुजी तेव्हाच खुला झाला, हिएइ खुला झाला. कोयासानला प्रत्यक्षात अजून काही दशकं लागली, पण तोही झाला. अडून बसलाय तो हा.

नवऱ्यानं जाऊ नये हे माझं मत. त्यानं नाही म्हणावं आणि ऑफिसात कारण सांगावं.

पडवीतली_खुर्ची

सह्यवेल, रागावणं समजतं. पण १८७२ चं उदाहरण दुधारी आहे. त्याच वर्षी त्याच सरकारनं शुगेन्दो हा डोंगरात साधना करणाऱ्यांचा अख्खा पंथच बंद केला. यामाबुशींना, म्हणजे त्या पंथाच्या साधकांना, सांगितलं की एक तर तेन्दाई किंवा शिंगोन या बौद्ध संप्रदायात जा, नाहीतर शिंतो पुरोहित व्हा, नाहीतर घरी बसा. ज्या हातानं स्त्रीबंदी उठवली त्याच हातानं शेकडो वर्षांची डोंगरसाधना मोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर धर्मस्वातंत्र्य मिळालं तेव्हा कुठे शुगेन्दो पुन्हा उभा राहिला. त्यामुळे "सरकारनं रद्द केलंय ना" हा मुद्दा तिथल्या साधकाच्या गळी उतरत नाही.

मी बंदीच्या बाजूनं नाही. पण एवढा एकच डोंगर त्यांनी तसाच ठेवला, बाजूचे पन्नास खुले आहेत, तर पाहुण्यानं पाहुण्यासारखं वागावं असं मला वाटतं.

सह्यवेल

पाहुणी काही मागायला गेलेली नाही काका. पण जपानी बायकाही पाहुण्या का? त्या तिथल्याच ना?

गवती_चहा

वाचतेय. दोघांनाही एक गोष्ट सांगते, कारण ती याच डोंगररांगेच्या दुसऱ्या टोकाची आहे.

योशिनोहून सुरू होणारी ओमिनेची धार दक्षिणेला कुमानोला जाऊन संपते. कुमानोच्या देवस्थानांनी बायकांना कधीच अडवलं नाही. इझुमी शिकिबू ही हेइआन काळातली कवयित्री. तिची आख्यायिका अशी की ती कुमानोला चालत निघाली, फुशिओगामी इथं पोचली, तिथून होंगूचं देवस्थान पहिल्यांदा नजरेस पडतं, आणि नेमकी तिथंच तिची पाळी आली. आता दर्शन नाही म्हणून तिनं खंत सांगणारी कविता केली. रात्री देव स्वप्नात आला आणि म्हणाला, मी स्वतः धुळीत मिसळून राहणारा देव, मला कसला विटाळ, तू ये. आजही फुशिओगामीला तिच्या नावाचं दगडी स्मारक आहे, वाटेवरून जाता येतं.

म्हणजे एकाच यात्रामार्गाच्या एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते गेट. "जपानी परंपरा" म्हणून एकच काही नसतं.

तिरपागडे

गवती_चहा, हे माहीतच नव्हतं. दंडवत.

कातळकडा

मी सान्जोगाताके केलाय, त्यामुळे वर नेमकं काय असतं ते लिहितो. रानवेडी ताईंना नवऱ्याला काय होणार ते तरी कळेल.

पुलापासून मंदिरापर्यंत तीन तास. सुरुवातीला देवदारांची सरळसोट राई, वाट रुंद. समोरून येणारा प्रत्येक जण "यो-ओमाइरी" म्हणतो, तुम्हीही म्हणायचं. नेहमीचं जपानी 'कोन्निचिवा' इथं चालत नाही असं नाही, पण ऐकू येत नाही. वाटेतली चहाची दुकानं वाटेच्या कडेला नसून वाटेवरच बांधलेली आहेत. वाट दुकानात शिरते, दोन्ही बाजूंना बाकडी, आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडते. पावसात फार बरं वाटतं. दोरोत्सुजीच्या चहाघरापाशी योशिनोकडून येणारी मुख्य धार येऊन मिळते.

वर आलं की कातळ सुरू. आबुराकोबोशी, मग कानेकाके-इवा. लोखंडी साखळ्या आहेत. सह्याद्रीत फिरलेल्याला त्यात विशेष काही नाही, पण ओल्या दगडावर जपून. कानेकाकेवर नवख्याला एकट्यानं सोडत नाहीत, खाली कोणी जाणता उभा राहून "उजवा पाय त्या खाचेत, आता डावा हात वर" असं ओरडत असतो.

आणि मग निशी-नो-नोझोकी. कड्याच्या टोकाला दगड आहे, वर्षानुवर्षं छातीनं घासून गुळगुळीत झालेला. दोन्ही खांद्यांतून जाड दोर घालतात, पालथं झोपवतात, दोघं-तिघं तुमचे पाय आणि दोर धरतात आणि तुम्हाला कमरेपर्यंत कड्याबाहेर ढकलतात. हात समोर जोडलेले. खाली फक्त झाडांचे शेंडे. मग मागून एक दणदणीत आवाज विचारतो: आईवडिलांची सेवा करशील? काम नीट करशील? तुम्ही "हाय!", म्हणजे हो, म्हणायचं. आवाज बारीक निघाला की अजून थोडं पुढे ढकलतात. माझा पहिल्यांदा बारीकच निघाला. पूर्वी ओसाका-साकाईकडची पोरं पंधरा-सोळा वर्षांची झाली की त्यांना इथं आणून हे करायचे, त्यानंतर ती मोठी झाली असं समजत. अजूनही बाप मुलाला घेऊन येतात.

लग्न झालेल्यांना "बायकोला नीट वागवशील का" हेही विचारतात.

भुंगा२४

जिला नीट वागवायचं ती गेटाबाहेर उभी. हाय!

शेवटचा_डबा

आमच्याकडे दोर नसतो, बाकी सगळं रोज असंच असतं.

सह्यवेल

कातळकडा, वर्णन जिवंत आहे, मान्य. पण आता मला सांगा, शुगेन्दोत हा डोंगर म्हणजे काय मानतात? आईचं पोट. योशिनोकडचा भाग वज्रधातू मंडल, कुमानोकडचा गर्भधातू मंडल. साधक डोंगरात शिरतो म्हणजे गर्भात शिरतो, वर कपारीतून सरपटत बाहेर येतो तो 'गर्भातून निघण्याचा' विधी, आणि खाली उतरतो तो नवा जन्म घेऊन. सगळी कल्पना बाळंतपणाची. आणि जिला हे खरोखर ठाऊक आहे तिलाच मज्जाव?

पडवीतली_खुर्ची

हा मुद्दा बिनतोड आहे. यावर मी चहा पितो.

तिरपागडे

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? शनी शिंगणापूरचा चौथरा २०१६ च्या गुढीपाडव्याला खुला झाला, तोवर...

दगडफूल

झालं, आलं शिंगणापूर. आता शबरीमला, मग आरक्षण, मग पानिपत.

तिरपागडे

अहो पूर्ण वाचा तरी. मला फरक सांगायचा होता. शिंगणापूरला मुंबई उच्च न्यायालयानं १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्यावर बोट ठेवलं आणि सरकारला सांगितलं की अडवणाऱ्याला आवर घाला. जपानात तसं कोणी कोर्टात ढकलून निकाल घेतलेला नाही. मग ओमिनेची बंदी टिकलीय कशाच्या जोरावर? कायदा आहे का?

दगडफूल

कायद्याचं सोडा, आमच्या आळंदीच्या रस्त्यावर...

संपादक मंडळ

धाग्याचा विषय ओमिने पर्वत आणि तिथल्या वाटा आहे. महाराष्ट्रातल्या देवस्थानांवर स्वतंत्र धागा काढावा. अवांतर दोन प्रतिसाद उडवले आहेत.

दगडफूल

माझेच दोन्ही. सुप्रभात.

नारा_निवासी

तिरपागडे, चांगला प्रश्न. कायदा नाही. गेट ओलांडलं म्हणून कुठल्याही बाईला पोलीस धरू शकत नाहीत. पाटी, रिवाज आणि लोकांची नजर, एवढ्यावरच सगळं उभं आहे.

डोंगरावरच्या मंदिराचा कारभार पाच देवळं मिळून बघतात: दोरोगावाचं र्‍यूसेन-जी आणि योशिनोतली चार. त्यांच्या जोडीला ओसाका आणि साकाईची जुनी यात्रेकरू मंडळं, ज्यांना 'को' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या पैसा आणि माणसं यांनीच पुरवली. ३ मे ला मंदिराचं दार उघडतात आणि २३ सप्टेंबरला बंद करतात, त्या दोन्ही समारंभांना या मंडळांचा मान असतो. त्यामुळे एखाद्या मठाधिपतीला वाटलं आणि उद्या बंदी उठली असं होत नाही.

तरी गोष्टी हलल्याच नाहीत असं नाही. र्‍यूसेन-जीच्या आवारातही पूर्वी बायकांना बंदी होती, ती १९६० मध्ये उठली. दोरोगावाकडची सीमा आधी हाहाको-दोपाशी होती, १९७० मध्ये ती मागे सरकून पुलापाशी गेली. सन २००० हे एन नो ग्योजा या आद्य डोंगरसाधकाच्या तेराशेव्या स्मृतिवर्षाचं; त्या निमित्तानं बंदी उठवायचा विचार पुढे आला होता. गावातून आणि मंडळांकडून विरोध झाला, विचार बारगळला. नोव्हेंबर २००५ मध्ये बंदीविरोधी लोकांचा एक गट प्रश्नांची यादी घेऊन गेटपाशी आला. गावकऱ्यांशी बोलणं झालं, निष्पन्न काही झालं नाही, आणि त्यांच्यातल्या तीन बायका सरळ वर गेल्या. त्यावर गदारोळ झाला. गेट आहे तिथेच आहे.

आणि हे ऐकायला आवडणार नाही, पण गावातल्या सराया चालवणाऱ्या काही बायकाच "राहू दे तसंच" म्हणतात. मी एकदा जेवताना विचारलं होतं. मालकीणबाई भाताचं भांडं ठेवत म्हणाल्या, "पोरं वर जाऊन येतात, त्या दिवशी घरात शांतता असते."

गवती_चहा

मालकीणबाई जिंकल्या.

पण हाहाको-दोची गोष्ट राहिली. एन नो ग्योजा म्हणजे सातव्या शतकातला तो डोंगरसाधक, शुगेन्दोचा मूळपुरुष. मुलाच्या काळजीनं आई मागोमाग आली. ओढ्यापाशी मोठा साप आडवा आला, पुढे जाता येईना. मुलानं तिच्यासाठी तिथं झोपडी बांधून दिली आणि यापुढे येऊ नकोस म्हणाला. त्या झोपडीच्या जागी हे देऊळ. बंदीचं मूळ सांगताना गावात हीच कथा सांगतात: तुच्छतेनं नाही, आईच्या काळजीपोटी. कथा गोड आहे. काळजीपोटी घातलेल्या बंद्या उठायला जास्त वेळ लागतो असा माझा अनुभव, डोंगराबाहेरचाही.

सह्यवेल

गवती_चहा +१००

रानवेडी

सगळ्यांचे आभार. एवढं कळलं की नवरा कड्यावरून उलटा लटकणार आहे, त्यामुळे त्यानं जायलाच हवं या मताकडे मी झुकतेय. :)

इनामुरा नक्की करते. पण एक शंका: जपानच्या 'शंभर प्रसिद्ध डोंगरां'च्या यादीत ओमिनेसान आहे ना? मग त्या यादीच्या मागे लागलेल्या बायका काय करतात? यादी अपूर्णच ठेवायची?

उगवतीचा_सूर्य

नाही, त्या हाक्क्योगाताके करतात. १९६४ सालच्या फुकादा क्यूयाच्या पुस्तकातली ती यादी. त्यात 'ओमिनेसान' असं अख्ख्या रांगेचं नाव आहे, आणि रांगेतलं सर्वांत उंच शिखर हाक्क्योगाताके, १९१५ मीटर. ते सगळ्यांना खुलं. बहुतेक लोक, पुरुषसुद्धा, तिथंच जाऊन यादीवर खूण करतात.

सोपी वाट ग्योजागाएरी बोगद्याच्या पश्चिम तोंडापासून. पहिला तास नुसता चढ, मुळांच्या पायऱ्या, घाम. मग धारेवर आलात की ओकुगाके ही योशिनो ते कुमानो यात्रेची वाट लागते आणि एकदम सुख: बीचची विरळ झाडी, सपाट चाल. वाटेत शोबो-नो-शुकुला एका बसलेल्या आचार्यांची कांस्यमूर्ती आहे. तिला हात लावला की पाऊस येतो म्हणतात. कुणी हात लावत नाही, आणि पाऊस तरीही येतोच, कारण शेजारचं ओदाइगाहारा जपानातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक. पुढे जिन्यांचा खडा चढ, मग मिसेनचं निवास. मिसेन १८९५ मीटर, तिथून हाक्क्योचा माथा अर्धा तास. एकूण तीन-साडेतीन तास वर.

मिसेनच्या डोक्यावर एक छोटं देऊळ आहे, तिथं क्षणभर थांबा. ते खालच्या तेनकावा देवस्थानाचं वरचं ठाणं, आणि देवता बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. सान्जोगाताकेवर बाईला प्रवेश नाही, आणि त्याच रांगेत त्याहून उंच माथ्यावर एक बाई वस्तीला. मला तरी गंमत वाटली.

जुलैच्या सुरुवातीला गेलात तर ओयामारेंगे फुललेला दिसेल. पांढरं, खाली मान घातलेलं फूल, मधोमध लाल केसर. हरणं खाऊन संपवतात म्हणून तिथं जाळ्या घातल्यात. जाळीचं दार उघडून आत जायचं आणि मागे लावायचं, विसरायचं नाही.

अडचण एकच: त्या बोगद्यापर्यंत बस नाही. तेनकावा-कावाईहून चालत सुरुवात करता येते पण पल्ला फार लांब, एका दिवसात घाईचं. तुमच्याकडे गाडी नाही, तर हा पुढच्या वेळी.

बुटाची_नाडी

अख्खी ओकुगाके वाट कोणी केलीये का? योशिनो ते कुमानो?

उगवतीचा_सूर्य

अर्धी केलीय, दक्षिणेकडची राहिलीय. ऐंशी किलोमीटरच्या वर, वाटेत पंच्याहत्तर 'नाबिकी', म्हणजे थांबून पूजा करायच्या जागा: कुठे कातळ, कुठे झाड, कुठे नुसता दगड. क्रमांक एक कुमानोच्या होंगू देवस्थानाला आणि पंच्याहत्तर योशिनोला, आणि आजचे बहुतेक लोक योशिनोहून निघतात, म्हणजे आकडे उलटे मोजत जातात. पाच-सहा दिवस धरा. दक्षिणेच्या निम्म्या भागात राखणदार असलेलं निवास नाही, पाण्याचे झरे धारेपासून खाली, पाठीवर ओझं. बायकांना गोबानसेकी ते आमिदागामोरी हा तुकडा सोडून खालून वळसा घालावा लागतो.

वाटेवर झेन्की नावाची जागा आहे. एन नो ग्योजाचे दोन राक्षस सेवक होते, झेन्की आणि गोकी. झेन्कीचे वंशज म्हणवणारं घराणं तिथं आजही यात्रेकरूंची धर्मशाळा चालवतं. दोरोगावाचे लोक स्वतःला गोकीचे वंशज मानतात.

भुंगा२४

राक्षसाच्या वंशजांकडे मुक्काम, वर 'ब्रेकफास्ट इन्क्लुडेड'. जपान जपान आहे.

आजीचा_बटवा

वादात पडत नाही, पोटाचं बोलते. रानवेडी, शाकाहारी आहेस का? असशील तर सरायीत आधीच सांग, आणि नुसतं "मांस नको" म्हणू नकोस. मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात बोनितो माशाचं पाणी असतं. "कोंबूचं (समुद्री शेवाळाचं) पाणी चालेल, माशाचं नको" असं स्पष्ट लिहून पाठव. दोरोगावाचं तोफू फार छान असतं, तिथल्या पाण्याचं. थंडीत गेलीस तर रानडुकराचं भांडं समोर येईल, तेव्हा काय ते तू ठरव.

आणि गावभर पाट्या दिसतील 'दारानिसुके'च्या. यामाबुशींचं पोटाचं औषध, किहादा झाडाच्या सालीचा अर्क आटवून केलेलं. आता बारीक काळ्या गोळ्या मिळतात, एका वेळी वीस-तीस तोंडात टाकायच्या. काडेचिराईत ज्यांनी लहानपणी प्यायलंय त्यांना घरच्यासारखं वाटेल. जुन्या दुकानांत काळी वडी दाखवायला ठेवतात, जिभेला लावून बघ म्हणाले तर बघू नकोस.

कातळकडा

मी बघितली. दुपारपर्यंत पाणीसुद्धा कडू लागत होतं.

शेवटचा_डबा

फुजीवरही बंदी होती ना? तिथं कोणी बाई वेष बदलून गेल्याचं ऐकलंय.

गवती_चहा

हो, ताकायामा तात्सू, १८३२ साली, पुरुषाच्या वेषात, सोबत तिच्या पंथाचे लोक. फुजी बायकांना खुला झाला त्याच्या चाळीस वर्षं आधी. कोयासानला आत जाता येत नसे म्हणून बायका डोंगराच्या कडेनं प्रदक्षिणा घालायच्या. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी त्यांच्यासाठी एक देऊळ होतं, सात होती, आता एकच उरलंय. ती 'बायकांची वाट' आजही चालता येते आणि सुंदर आहे. रानवेडी, तीही यादीत टाक.

शिकोकूतल्या इशिझुचीवर तर अजून १ जुलैला, डोंगर उघडण्याच्या दिवशी, बायकांना मनाई. २ जुलैला या म्हणतात.

दगडफूल

आणि ओकिनोशिमा या पवित्र बेटावर बायकांना आधीपासून बंदी होतीच, आता पुरुषांनाही मनाई, २०१८ पासून. फक्त पुजारी. संपादक, हे विषयाला धरून आहे.

संपादक मंडळ

आहे. राहू दिलंय.

सह्यवेल

दगडफूल यांनी नकळत उत्तम तोडगा सुचवलाय. पवित्र आहे ना डोंगर? मग पुजाऱ्यांखेरीज सगळ्यांनाच बंद करा. ऑफिसातल्या सहलीला निघालेला पुरुष चालतो आणि आयुष्यभर शुगेन्दोची साधना केलेली बाई चालत नाही, माझा आक्षेप नेमका इथं आहे. आणि अशा साधक बायका आहेत, त्यांच्या मठांत दीक्षा घेतलेल्या. होम करतात, शंख फुंकतात, बाकीच्या डोंगरांवर जातात, इथं येऊन थांबतात.

पडवीतली_खुर्ची

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि काढायचाही प्रयत्न करत नाही. ऑफिसच्या सहलीचा मुद्दा लागला.

रानवेडी

सह्यवेल, तुझा हा प्रतिसाद काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मी इनामुराला आलो तर चालेल?" मी म्हटलं, तीन तासांचा चढ आहे, गुडघा? तर म्हणे सान्जोगाताकेलाही तेवढाच होता. ऑफिसात त्यानं काय कारण सांगितलं ते मला सांगत नाहीये, पण त्याच्या गटातला एक जण आता बायकोसकट आमच्याबरोबर इनामुराला येतोय. बाकीचे ठरल्याप्रमाणे पुलाकडे. संध्याकाळी सगळे एकाच सरायीत.

तेव्हा आता खरे प्रश्न: मे च्या दुसऱ्या आठवड्यात वर थंडी किती, अस्वलाची घंटा लागते का, आणि जळवा असतात का?

नारा_निवासी

घंटा लावा, अस्वलं आहेत. जळवांचा खरा हंगाम जूनच्या पावसापासून, मे मध्ये सहसा त्रास नाही, तरी मोज्यांत विजार खोचलेली बरी. माथ्यावर वारा असेल तर जॅकेट लागेलच, पहाटे गावातसुद्धा लागतं. होरिकी खिंडीनंतर आडव्या वाटेवर दोन-तीन ठिकाणी दरड घसरलेली असते, लाकडी फळ्यांचे पूल ओले असले की निसरडे, नवऱ्याला तिथं पुढे घाला म्हणजे गुडघा तुमच्या नजरेसमोर राहील. दाइनिचीयामाच्या कातळावर साखळ्या आहेत, तो वेगळा चढावा लागतो, नाही केलात तरी माथा चुकत नाही.

आणि उतरताना घाई करू नका, पण शेवटची बस चुकवू नका. मुक्काम असला तरी दुसऱ्या दिवशी सकाळची बस लवकर असते, न्याहारी आधी मागून ठेवा.

भुंगा२४

फोटो टाका. खाली बघतानाचे.